आदल्या रात्रीचा लेख

१७ जून २०१७, शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता लंडनच्या ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती, भारत विरुद्ध पाकिस्तान. एका छोट्या वेबसाइटसाठी मी सामन्याचा प्रिव्ह्यू लिहायला बसलो होतो. नऊशे शब्द हवे होते, दोन तासांत झाले. कुठे अडलो नाही, काही शोधावं लागलं नाही. आकडे समोर होते, विशेषणं पाठ होती आणि निकाल मनात पक्का होता.

दोनच आठवड्यांपूर्वी, ४ जूनला, एजबॅस्टनवर आपण पाकिस्तानला १२४ धावांनी हरवलं होतं. स्पर्धेतल्या आठ संघांत रँकिंगनं पाकिस्तान आठवा. मोठ्या स्पर्धांचा इतिहास बहुतेक आपल्या बाजूचा. हे सगळं मी ओळीनं मांडलं आणि शेवटी एक विनोद टाकला. १८ जूनला फादर्स डे होता. त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर ‘बाप-बेटा’चे मेसेज धो धो येत होते. मीही त्यावर एक ओळ केली. ती संपादकाला एवढी आवडली की तिचंच शीर्षक झालं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच. पाकिस्तान ४ बाद ३३८, भारत सर्वबाद १५८. १८० धावांनी हार.

सोमवारी लोकांनी माझं शीर्षक मलाच परत पाठवलं. ते ठीकच होतं. प्रिव्ह्यू लिहिणाऱ्यानं अंदाज चुकल्यावर लाजायचं ठरवलं, तर त्याला वर्षभर घराबाहेर पडता येणार नाही. पण तो लेख मी डिलीट केला नाही. अधूनमधून काढून वाचतो. प्रत्येक वेळी वाटतं, अंदाज चुकला ही त्यातली सगळ्यात लहान चूक होती.

*

त्या नऊशे शब्दांत फखर झमान हे नाव एकदाही आलेलं नाही.

४ जूनच्या सामन्यात फखर नव्हताच. त्या दिवशी अझर अलीबरोबर अहमद शहजाद ओपनिंगला आला होता. फखर आयुष्यातला पहिला वनडे खेळला तो तीन दिवसांनी, ७ जूनला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. त्या सामन्यापासून त्याचे स्कोअर होते ३१, ५० आणि ५७. खैबर पख्तुनख्वातल्या मर्दान भागातला हा डावखुरा पोरगा आधी पाकिस्तानच्या नौदलात खलाशी होता. दोन मिनिटं शोधलं असतं तरी हे सापडलं असतं.

बॉलिंगही बदलली होती. एजबॅस्टनला ८७ धावा मोजणारा वहाब रियाझ दुखापतीमुळे स्पर्धेबाहेर गेला होता, जुनैद खान आत आला होता. हसन अली प्रत्येक सामन्यात विकेट काढत होता. स्पर्धा संपली तेव्हा त्याच्या नावावर १३ विकेट होत्या, सगळ्यांत जास्त. आणि फायनलच्या चारच दिवस आधी याच संघानं कार्डिफमध्ये तोवर एकही सामना न हरलेल्या इंग्लंडला २११ मध्ये गुंडाळून आठ विकेटनी हरवलं होतं.

म्हणजे मी ज्या संघाबद्दल लिहीत होतो, तो संघ दोन आठवड्यांपूर्वीचा होता. ओव्हलवर उतरणार होता तो वेगळा. तो वेगळा आहे हे कळण्यासाठी ज्योतिष लागत नव्हतं, स्कोअरकार्ड पुरेसं होतं.

फखर तीन धावांवर असताना बुमराहच्या बॉलवर धोनीकडे कॅच गेला आणि तो नोबॉल निघाला. हे आदल्या रात्री कुणालाच कळू शकत नव्हतं. त्याबद्दल प्रिव्ह्यू लिहिणाऱ्याला कुणी बोल लावणार नाही. (जयपूरच्या ट्रॅफिक पोलिसांनी पुढे त्या नोबॉलचा फोटो टाकून ‘रेषा ओलांडू नका’ छापाचं पोस्टर केलं आणि बुमराह वैतागला. त्याचं बरोबरच होतं.) पण त्या जीवदानानंतर जो ११४ धावा करून गेला, तो कोण आहे हे वाचकाला आधी सांगणं माझं काम होतं. मी त्याऐवजी बापाचा विनोद केला.

*

त्या विनोदाचा पुढचा भाग मी मोबाइलवर पाहिला. सामना संपल्यावर आपले खेळाडू पॅव्हेलियनकडे परत जातानाचा एक व्हिडिओ आहे. वाटेच्या कडेला उभा असलेला पाकिस्तानचा एक समर्थक त्यांना चिडवतोय. बाप कोण, असं विचारतोय. मोहम्मद शमी थांबतो, मागे वळतो. मागून येणारा धोनी त्याला पुढे घेऊन जातो. काही सेकंदांचा प्रसंग.

व्हिडिओतल्या माणसाला शिव्या घालणं सोपं होतं. पण तो शब्द त्यानं आणला नव्हता, आठवडाभर आपणच तो वाटत होतो. माझ्या लेखात तो शीर्षकात होता. मी तो घरात बसून लिहिला आणि त्याचं उत्तर ऐकावं लागलं ते शमीला.

चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईत, टी-२० वर्ल्डकपमध्ये पाकिस्ताननं आपल्याला दहा विकेटनी हरवलं. तो बाद फेरीचा सामना नव्हता, पण प्रिव्ह्यू बाद फेरीचेच होते. सगळीकडे एक आकडा फिरत होता, १२-०. वनडे आणि टी-२० असे दोन्ही वर्ल्डकप धरून आपण पाकिस्तानला बारा वेळा हरवलंय आणि एकदाही हरलो नाही, असा त्याचा अर्थ. हरल्यावर दहा जण वाचले आणि एकाला पकडलं गेलं, शमीला. त्याच्या अकाउंटवर त्याच्या धर्मावरून जे लिहिलं गेलं ते इथे पुन्हा लिहायची गरज नाही. धर्मावरून कुणावर हल्ला करण्याइतकं हीन काही नाही, अशा अर्थाचं विराट कोहली उघडपणे बोलला, तेव्हा त्यालाही घेरलं. पुढच्या वर्षी आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून कॅच सुटला आणि हाच खेळ पुन्हा झाला. त्या वेळी त्याचं वय तेवीस होतं.

प्रिव्ह्यूंमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. द्वेष करायला लोकांना माझ्यासारख्याचा लेख लागत नाही. पण सामन्याला आठवडाभर ‘महायुद्ध’ म्हणत राहिलं, तर सामना हरल्यावर लोक गद्दार शोधायला लागतात. युद्धात तसंच असतं. खेळात एक जण हरणारच असतो. आपल्या प्रिव्ह्यूमध्ये त्या हरण्याला जागाच ठेवलेली नसते.

*

हे असं का झालं असावं? याचं एक उत्तर क्रिकेटमध्येच आहे.

आपण बेधडक लिहितो, ‘पारंपरिक प्रतिस्पर्धी’. परंपरा म्हणजे नेमकं किती? वनडे वर्ल्डकपच्या पहिल्या चार स्पर्धांत भारत-पाकिस्तान सामना झालाच नाही. पहिला झाला तो १९९२मध्ये, सिडनीला. १९८७मध्ये दोघंही सेमीफायनलला पोचले होते आणि ईडन गार्डन्सवर भारत-पाकिस्तान फायनल होणार, असं दोन्ही देशांनी मनात धरलं होतं. ४ नोव्हेंबरला पाकिस्तान लाहोरमध्ये ऑस्ट्रेलियाकडून हरला. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर ग्रॅहम गूचनं आपल्या स्पिनर्सना स्वीप मारमारून ११५ धावा केल्या आणि आपणही गेलो. स्वीपची तयारी त्यानं नेट्समध्ये आधीच करून ठेवली होती. आपलं लक्ष मात्र कोलकात्याकडे लागलेलं.

आताची गोष्ट आणखी वेगळी आहे. दोन्ही संघांमधली शेवटची कसोटी २००७च्या डिसेंबरमध्ये झाली. शेवटची द्विपक्षीय मालिका २०१२-१३च्या हिवाळ्यात. आयपीएलमध्ये पाकिस्तानचा संघ गाजवणारे खेळाडू दिसले ते पहिल्याच, २००८च्या हंगामात. म्हणजे गेली दहा-बारा वर्षं आपला प्रेक्षक पाकिस्तानच्या खेळाडूंना वर्षातून एक-दोन संध्याकाळी बघतो. कोण फॉर्मात आहे, कुणाचा खांदा दुखतोय, कोणता बॉलर जुन्या बॉलवर यॉर्कर टाकतो, हे त्याला माहीत नसतं. बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाही नसतं.

ओळख नसली की लिहायला उरतो फक्त इतिहास. क्रिकेटच्या माहितीची जागा जुने आकडे घेतात, आकडे संपले की आरडाओरडा. १२-० हा आकडाच घ्या. तो १९९२पासूनचा हिशेब आहे. त्या वर्षीच्या सिडनीच्या सामन्यात पाकिस्तानकडून सर्वाधिक धावा करणारा आमेर सोहेल केव्हाच रिटायर झाला. दुबईत रोहित, राहुल आणि कोहलीला बाद करणारा शाहीन आफ्रिदी २००० साली जन्मला. त्या बारा सामन्यांपैकी बहुतेकांशी त्याचा काही संबंध नव्हता. आकडा खरा होता, पण त्यातून त्या संध्याकाळबद्दल काहीच कळत नव्हतं.

मराठीत क्रीडापत्रकारितेची जुनी, चांगली शाळा आहे. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं. संदीप पाटीलचं ‘एकच षटकार’ आमच्या आधीच्या पिढीनं रद्दीत जाऊ दिलं नाही. त्या लिखाणात अतिशयोक्ती नव्हती असं नाही, भरपूर होती. पण समोरच्या संघाचं कौतुक करायला तिथे कुणाची परवानगी लागत नव्हती. इम्रान, मियाँदाद, वसीम यांच्यावर मराठीत प्रेमानं लिहिलं गेलंय. आज बाबर आझमच्या कव्हर ड्राइव्हबद्दल दोन ओळी लिहायच्या तर माणूस आधी कमेंट्सचा विचार करतो.

*

प्रिव्ह्यू आता लेखापुरता उरलेला नाही. जाहिरात, रील, मीम, स्टुडिओतली चर्चा, हे सगळे प्रिव्ह्यूच. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे २०१५च्या वर्ल्डकपची ‘मौका मौका’ जाहिरात. ती पुन्हा बघा. १९९२पासून फटाके घेऊन विजयाची वाट बघणारा पाकिस्तानचा एक पाठीराखा. वर्ल्डकपमागून वर्ल्डकप जातात, त्याचं वय वाढतं, फटाके तसेच. तो चिडका नाही, दुष्ट नाही. तुमच्या-माझ्यासारखाच टीव्हीसमोर बसून हिरमुसणारा माणूस आहे. आपण त्याला हसतो, पण त्याच्याबद्दल थोडं वाईटही वाटतं. एका जाहिरातीत समोरच्या देशातला एक माणूस दाखवणं सोपं नाही. त्या पहिल्या जाहिरातीनं ते केलं होतं.

पुढे तिचे भाग निघत गेले आणि वाईट वाटण्याचा भाग गळून पडला. २०१९च्या १६ जूनला मँचेस्टरला भारत-पाकिस्तान सामना आला. पुन्हा नेमका फादर्स डे. या वेळी बापाचा विनोद व्हॉट्सॲपवर राहिला नाही, थेट टीव्हीच्या जाहिरातीत आला. तिकडच्या एका वाहिनीनं विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांची नक्कल करणारी जाहिरात काढली. चार महिन्यांपूर्वी युद्धकैदी झालेल्या माणसावर विनोद. दोन्हीकडे लोकांनी आपापली जाहिरात शेअर केली.

यात पैसा आहे, हे लपून राहिलेलं नाही. २०१३पासून आयसीसीच्या प्रत्येक वनडे आणि टी-२० स्पर्धेत सुरुवातीच्या टप्प्यातच भारत-पाकिस्तान सामना येईल अशी मांडणी झाली आहे. मालिका खेळायची नाही, पण स्पर्धेतला सामना चुकवायचा नाही, कारण प्रक्षेपणाच्या हक्कांची किंमत त्यावर उभी आहे. सामना दुर्मीळ ठेवायचा, मग त्या दुर्मीळपणाला भाव लावायचा. आपले प्रिव्ह्यू त्या मालाचं वेष्टन.

*

प्रिव्ह्यू काय बघत नाही हे कळायला जुने दोन सामने पुरेत.

९ मार्च १९९६, बंगळूर, वर्ल्डकपची क्वार्टरफायनल. आठवतो तो आमेर सोहेलनं चौकार मारून व्यंकटेश प्रसादला बॅटनं दाखवलेला रस्ता आणि पुढच्याच बॉलला उडालेला ऑफ स्टंप. आपल्या घरच्या मैदानावर प्रसादनं दिलेलं उत्तर. रोमांचक होतंच. पण स्कोअरकार्ड नीट वाचा. सिद्धूच्या ९३ धावा. वकार युनूसच्या पहिल्या आठ ओव्हरमध्ये २७ धावा आणि शेवटच्या दोनमध्ये ४०. अजय जडेजा २५ बॉलमध्ये ४५. ओव्हर संथ टाकल्याबद्दल पाकिस्तानची एक ओव्हर कापली गेली आणि ४९ ओव्हरमध्ये ९ बाद २४८पर्यंतच ते पोचले. आपण ३९ धावांनी जिंकलो. वसीम अक्रम दुखापतीमुळे ऐनवेळी खेळला नाही. तो मुद्दाम बसला असं ठरवून त्याच्या देशात त्याचे पुतळे जाळले, धमक्या दिल्या. शमीच्या आधी, सीमेच्या त्या बाजूला, हेच झालं होतं.

३० मार्च २०११, मोहाली, सेमीफायनल. आदल्या दिवशीची चर्चा होती सचिनच्या शंभराव्या शतकाची आणि शोएब अख्तरची. शोएब खेळलाच नाही. सचिननं ८५ केल्या, पण त्याचे चार कॅच सुटले आणि अंपायरनं बाद दिल्यावर डीआरएसनं त्याला परत आणलं. युवराज पहिल्याच बॉलला गेला. वहाब रियाझनं पाच विकेट काढल्या, त्या किती प्रिव्ह्यूंत होत्या? अश्विनला बसवून नेहराला घेतलं म्हणून टॉसनंतर निम्म्या देशानं धोनीला वेड्यात काढलं. पीच ओळखायला चुकलो, असं धोनीनं नंतर स्वतःच कबूल केलं, पण नेहरानं दहा ओव्हरमध्ये ३३ धावा देऊन दोघांना बाद केलं. आपल्या पाच बॉलर्सना प्रत्येकी दोन विकेट मिळाल्या. कुणी एक हिरो नव्हता. २९ धावांनी जिंकलो.

मोहालीच्या त्या आठवड्यात राजकारण होतंच. २६/११ला जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पाकिस्तानचे पंतप्रधान युसूफ रझा गिलानी यांना सामन्याला बोलावलं होतं आणि ते आले. पाकिस्तान जिंकला तर फायनल खेळायला मुंबईत येणार, हा प्रश्न मुंबईकराला टाळता येण्यासारखा नव्हता. वानखेडेचं पीच १९९१मध्ये याच कारणासाठी उखडलं गेलं होतं. त्यामुळे राजकारण बाजूला ठेवा, फक्त क्रिकेट लिहा, असा सल्ला मी देणार नाही. तसा प्रिव्ह्यूही खोटाच होईल. पण राजकारण लिहायचं तर राजकारणासारखं लिहावं. निर्णय कुणी घेतला, सरकारनं की बोर्डानं, पैसे कुणाला मिळाले, खेळायचंच नसेल तर कुणी नाही म्हणायला हवं होतं, हे विचारावं. ते सगळं ओझं अर्शदीपच्या हातात देऊन कॅच सुटायची वाट बघू नये.

*

गेल्या वर्षी, २८ सप्टेंबर २०२५ला, दुबईत आशिया कपची फायनल होती. स्पर्धेच्या इतिहासात भारत-पाकिस्तान अशी पहिलीच फायनल. पहलगामचा हल्ला आणि मे महिन्यातला लष्करी संघर्ष यांना फार दिवस झाले नव्हते. १४ तारखेच्या सामन्यापासून हस्तांदोलन बंद होतं. त्या आठवड्यातल्या बहुतेक प्रिव्ह्यूंमध्ये हात मिळवणार की नाही याचीच चर्चा. खेळायला हवं होतं का, याबद्दल मला ठाम उत्तर आजही देता येत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना हा सामना नको वाटला असेल तर त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

मी पुन्हा प्रिव्ह्यू लिहिला. या वेळी चार तास लागले. सुरुवातीला दोन परिच्छेद सामन्याच्या आधी काय घडलं त्याचे, सरळ. मग क्रिकेट. आदल्या लढतीत अभिषेक शर्मानं केलेल्या ७४ धावा, कुलदीपची फिरकी, हार्दिक पंड्याची दुखापत आणि तो नसला तर नवा बॉल कोण टाकेल हा प्रश्न. फखर झमानबद्दल पूर्ण परिच्छेद. शीर्षकात एकही नातं नाही.

अंदाज पुन्हा चुकले. अभिषेक पाच धावांवर बाद झाला आणि आपली अवस्था ३ बाद २० झाली. पाकिस्तान १ बाद ११३वरून सर्वबाद १४६ होईल असं मी स्वप्नातही लिहिलं नसतं. तिलक वर्माच्या नाबाद ६९ मी धरल्या नव्हत्या. आणि रिंकू सिंगचं नाव तर माझ्या लेखात नव्हतंच. अख्ख्या स्पर्धेत तो एकच बॉल खेळला, फायनलमध्ये, आणि त्यावर विजयाचा चौकार मारला.

फखरनं ४६ केल्या. तो खेळत होता तेव्हा शेजारी बसलेल्या मित्रानं विचारलं, हा तोच ना, नोबॉलवाला? मी म्हटलं, हो, तोच, आधी नेव्हीत होता. मित्र म्हणाला, हे तुला कुठून कळलं?

म्हटलं, काल रात्रीच लिहिलंय, वाच की.